पोसायडन दाखवा, पण ब्रह्मपुरीही सांगा

१/ कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन उभा आहे. मूर्ती कांस्याची, उंची वीतभरही नाही. संग्रहालयाची ख्याती बहुतांशी तिच्यामुळे. आपल्याकडच्या मार्गदर्शित फेऱ्यांचा सर्वांत मोठा दोष दाखवण्यासाठी हिच्याइतके चांगले उदाहरण सापडणार नाही.

२/ दोष असा : या फेऱ्या वस्तूचे वय सांगतात, दुर्मीळपणा सांगतात, प्रसंगी दंतकथाही सांगतात, ती कोणत्या मातीतून, कशाच्या सोबतीने वर आली, हे मात्र सांगत नाहीत. मग श्रोता रिकामी जागा स्वतःच भरतो. ‘ग्रीक देव मिळाला, अर्थात येथे ग्रीक राहत होते!’ असे निष्कर्ष पाहता पाहता सर्वत्र पसरतात.

३/ आता माती काय सांगते ते पाहू. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी ही टेकडी आहे. पोसायडन तिथलाच. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले. खालच्या थरांत सातवाहनकालीन विटांची घरे, वरच्या थरांत बहमनी काळाचे अवशेष आढळले.

४/ पोसायडन एकटा नव्हता. त्याच कांस्यसंचात रोमन बनावटीची सुरई होती, आरसा होता. आणि त्यांच्याच जोडीला माणसे पाठीवर घेतलेला, अस्सल देशी घडणीचा हत्तीही होता. देव ग्रीक, घडण रोमन काळातली आणि शेजार सातवाहनांच्या दख्खनचा! याचा सरळ अर्थ व्यापार. दूरदेशीची मौल्यवान वस्तू येथल्या कुणा धनिकाने हौसेने जपली असावी. वसाहतीची कल्पना करण्याचे कारणच उरत नाही.

५/ ग्रीक जगाशी असलेला दुवा हवाच असेल, तर तो नाण्यांत शोधावा. कोल्हापुरात ‘विळिवायकुर’ या राजाची धनुष्यबाण कोरलेली नाणी मिळतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील टॉलेमी आपल्या भूगोलात हिप्पोकुरा येथील ‘बालेओकुरोस’ राजाचा उल्लेख करतो. हे दोघे एकच असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. ओबडधोबड दिसणाऱ्या या नाण्यांपुढे फेरी किती वेळ थांबते?

६/ यावर ठरलेला आक्षेप येतो : ‘सामान्य प्रेक्षकाला थर-बिर कळत नाहीत, त्याला सुंदर मूर्ती दाखवा, तासाभरात मोकळे करा.’ हा प्रेक्षकाचा अपमान आहे. गुन्ह्याच्या जागी कोणती वस्तू कुठे पडली होती, यावरून उलगडणारी रहस्यकथा जो आवडीने वाचतो, त्याला थर का कळू नयेत? कंटाळा विषयात नसतो, तो सांगण्याच्या पद्धतीत असतो.

७/ शिवाय सौंदर्याच्या कसोटीवर बहुसंख्य माणसे इतिहासातून गळतात. ब्रह्मपुरीच्या बहमनी थरांत रंगीबेरंगी काचेच्या बांगड्या मिळाल्या. एका मूर्तीवरून एका धनिकाची आवड कळते. बांगड्यांच्या तुकड्यांवरून काचकाम करणारे हात आणि त्या ल्यायलेली मनगटे डोळ्यांसमोर येतात.

८/ प्रश्न केवळ रंजक फेरीचा नाही. संदर्भ तुटलेली वस्तू कोणाच्याही बाजूने साक्ष देते : आज परकीय वसाहतीची, उद्या विश्वविजयी पूर्वजांची. ‘वस्तू देखणी असली की पुरे’ ही समजूत पुराणवस्तूंच्या चोरबाजारालाही सोयीची असते. कारण चोर मूर्ती नेतो आणि तिचा थर कायमचा उद्ध्वस्त करून जातो.

९/ म्हणून तरुण इतिहासप्रेमींनो, पुढच्या फेरीत मार्गदर्शकाला आदराने, पण न संकोचता तीन प्रश्न विचारा : ही वस्तू नेमकी कुठे सापडली? कोणत्या थरात? सोबत काय होते? उत्तर मिळाले, तर तो खरा मार्गदर्शक. न मिळाले, तर उत्खननाचा अहवाल ग्रंथालयात मागा. छायाचित्र त्यानंतर काढा.