सहा मिलिमीटरचा बागुलबुवा

गेल्या वर्षी आमच्या घरी दिवाळीचा फराळ बाहेरून आला. चाळीस वर्षांत असे प्रथमच घडले. कारण एवढेच की, आमच्या थोरल्या वहिनींच्या पित्ताशयात सहा मिलिमीटरचा एक पॉलिप, म्हणजे आतल्या भिंतीवर आलेला बारीकसा कोंब सापडला. सापडला म्हणण्यापेक्षा शोधून काढला म्हणा. वहिनींना दुखत नव्हते, खुपत नव्हते. दसऱ्याच्या सवलतीत चिरंजीवांनी आईसाठी ‘संपूर्ण आरोग्य तपासणी’ विकत घेतली आणि सोनोग्राफीच्या कागदावर ती एक ओळ उमटली. पुढच्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी कर्करोग हा एकच शब्द होता आणि प्रत्येक जण तो वहिनींना ऐकू जाणार नाही अशा बेताने, परंतु त्यांना नेमका ऐकू जाईल अशा आवाजात उच्चारीत होता.

“भाऊजी, दुखत असतं तर निदान कळलं असतं, काय कापतायत ते,” असे त्या मला म्हणाल्या. शस्त्रक्रिया झाली. तपासणीत निघाले काय, तर कोलेस्टेरॉलचा साका! तो कर्करोगात बदलत नसतो. सर्वांनी देवापुढे साखर ठेवली, पेढे वाटले. रागावलो फक्त मी. आणि तो राग वर्ष उलटले तरी उतरलेला नाही, म्हणून ही लेखणी हाती धरली आहे.

कोणी म्हणेल, गेला तर गेला एक निरुपयोगी अवयव. जीव तर निर्धास्त झाला! मी ते मानीत नाही. ह्या शस्त्रक्रियेत हजारात तीन ते पाच जणांच्या पित्तनलिकेला इजा होते, आणि ती झाली की माणूस वर्षानुवर्षे दवाखान्याच्या पायऱ्या झिजवतो. उलट बाजूचा हिशेब पाहा. कॅलिफोर्नियातील सहा लाखांवर प्रौढांची पाहणी 2020 साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे छत्तीस हजार जणांना पॉलिप होते. पैकी पित्ताशयाचा कर्करोग झाला 19 जणांना, म्हणजे दहा हजारांत सुमारे पाच. आणि ज्यांना पॉलिप नव्हते त्यांच्यातले प्रमाण? तेही दहा हजारांत पाचच! कॅलिफोर्निया म्हणजे पुणे नव्हे, हे मला कबूल. मोठ्या पॉलिपची गोष्ट वेगळी, हेही कबूल. दहा मिलिमीटरच्या पुढे गेलेला कोंब हसण्यावारी नेणारा माणूस मूर्खच म्हणावा लागेल. परंतु वहिनींचा होता सहाचा.

मग कापायचे ठरले कशावरून? इथे खरी गंमत आहे. युरोपातील वैद्यक संस्थांनी 2017 साली एक संयुक्त नियमावली काढली. सहा ते नऊ मिलिमीटरचा पॉलिप असेल आणि जोडीला धोक्याचे एखादे लक्षण असेल, तर पित्ताशय काढावे, असा तिचा आशय. लक्षणे कोणती? वय पन्नाशीपुढचे, यकृताच्या पित्तनलिकांचा एक विशिष्ट आजार, देठ नसलेला, भिंतीला बसका चिकटलेला पॉलिप, आणि चौथे लक्षण, रुग्ण भारतीय असणे! 2022 साली नियमावली सुधारली. पन्नाशीची साठी झाली. ‘भारतीय’च्या जागी ‘आशियाई’ आले. सत्तावन वर्षांच्या वहिनींना वय माफ झाले, जन्म मात्र माफ झाला नाही. त्याच 2022 साली अमेरिकेतील सोनोग्राफीतज्ज्ञांनी आपले मत प्रसिद्ध केले. ते वंशाकडे न पाहता आकाराकडे पाहतात. बारीक देठावर लोंबणारा पॉलिप नऊ मिलिमीटरपर्यंतचा असला तर पुन्हा तपासणीसुद्धा नको, असे ते सांगतात. एकच बाई, एकच कोंब. एक समुद्र ओलांडला तर सुरी, दुसरा ओलांडला तर घरी!

आणि ‘भारतीय’ म्हणजे कोण हो? पित्ताशयाचा कर्करोग आपल्या देशात सगळीकडे सारखा पसरलेला नाही. गंगेच्या खोऱ्यात, बिहारात, आसामात तो घरे उद्ध्वस्त करतो. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत त्याचे प्रमाण त्याच्या कितीतरी पट कमी आहे. हे कोणा ज्योतिष्याने सांगितलेले नाही. मुंबईत 1963 साली कर्करोगाची नोंदणी सुरू झाली, पुढे पुण्यात आणि बार्शीच्या खेड्यापाड्यांतही झाली. त्या वह्यांतून हे दिसते. टाटा रुग्णालयाच्या संशोधकांनी 2017 साली ह्या रोगाशी निगडित अशी जनुकेही दाखवून दिली. यकृतातून पित्तात द्रव्ये सोडण्याचे काम त्यांच्याकडे असते. एवढे ज्ञान घरात असताना पाटण्याच्या माणसाला आणि सदाशिव पेठेतल्या बाईला एकाच पोत्यात भरायचे, आणि वर त्याला शास्त्र म्हणायचे? हिंजवडीत नोकरीला आलेला बिहारी तरुण आपला धोका कदाचित बरोबर घेऊन येतो. त्याला ‘तू आता पुणेकर’ म्हणून सोडून देणे हाही अन्यायच. तुझा जन्म कुठला, आईवडील कुठले, पित्तखडे आहेत का, एवढे तीन प्रश्न विचारायला असा कितीसा वेळ लागतो?

डॉक्टरांवर माझा राग नाही. ‘कापू नका’ म्हणणाऱ्याला उद्या कोर्टात उभे करतील; ‘कापा’ म्हणणाऱ्याला पेढे मिळतात. आम्हीच तशी सोय करून ठेवली आहे. राग आहे तो त्या एका ओळीवर. वहिनींच्या अहवालात आकडा होता. पण देठ आहे की बसका आहे, शेजारची भिंत जाड झाली आहे काय, कोंब एक की अनेक, ह्यांतले अक्षरही नव्हते. शिंप्यालासुद्धा नुसती उंची सांगून सदरा शिवता येत नाही. आणि सहा महिने थांबून तो वाढतो का ते पाहू, हा तिसरा मार्ग असतो, हे आम्हांला कोणी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

यंदा वहिनींनी चकलीची भाजणी स्वतः दळून आणली आहे. परवा शेजारचे निवृत्त मास्तर हातात पाकीट घेऊन आले. चेहरा उतरलेला. आठ मिलिमीटर! मी विचारले, “मास्तर, देठ आहे का?” त्यांनी कागद खालीवर पाहिला. लिहिलेले नव्हते. चहा न घेताच ते सोनोग्राफीवाल्याकडे परत गेले.