तिसरी तार बिनकामाची नाही!

मध्यंतरी आमच्या शेजारी भिंतीवर फळ्या बसवायला एक सुतारकाका आले होते. त्यांच्याजवळ धातूच्या आवरणाचे जुने ड्रिल यंत्र होते. त्याच्या वायरीला पिनच नव्हती. काकांनी दोन तारांची उघडी टोके सॉकेटच्या दोन भोकांत घातली, काडेपेटीच्या काड्या खोचून ती घट्ट केली आणि बटण दाबले. तिसरी, हिरवी तार बाहेरच लोंबत राहिली. यंत्र मात्र झकास चालले! मी हटकले, तेव्हा ते हसून म्हणाले, "अहो, वीस वर्षं असंच चालवतोय. कधी काही झालं नाही."

असे उत्तर तुम्हीही ऐकले असेल. मला ते मुळीच पटत नाही. का, ते पाहा.

ड्रिल फिरायला दोनच तारा पुरतात. तिसरी, म्हणजे अर्थिंगची तार, यंत्राचे धातूचे आवरण जमिनीशी जोडते. सारे ठीक असताना तिच्यातून जवळजवळ काहीच प्रवाह वाहत नाही. म्हणून ती काढून टाकली तरी यंत्राच्या चालण्यात काडीचा फरक पडत नाही, आणि माणसाला वाटते, ही तार बिनकामाची!

आता समजा, वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी आतल्या एका तारेचे आवरण घासले गेले आणि प्रवाहाची तार यंत्राच्या धातूला टेकली. अर्थिंग चांगले असेल तर त्या वाटेने एकदम मोठा प्रवाह जमिनीकडे जातो, फ्यूज उडतो आणि यंत्र बंद पडते. अर्थिंग नसेल तर? तर काहीच होत नाही! यंत्र पूर्वीसारखेच फिरत राहते. फक्त त्याच्या आवरणावर आता २३० व्होल्ट असतात, आणि ते आवरण कोणाच्या तरी मुठीत असते.

"पण फ्यूज आहे ना!" असे तुम्ही म्हणाल. चला, थोडे गणित करू. त्वचा ओली असली की शरीराचा रोध १,००० ओहमच्या आसपास उतरू शकतो. ओहमच्या नियमाने २३० भागिले १,००० म्हणजे ०.२३ अँपिअर. साठ वॅटच्या दिव्यातून साधारण एवढाच प्रवाह वाहतो. ५ अँपिअरचा फ्यूज एवढ्याने कसा उडणार? त्याला दिवा आणि माणूस यांतला फरक कळत नाही. फ्यूज असतो तो तारा तापून आग लागू नये म्हणून. माणसाच्या शरीराला मात्र ०.०१ अँपिअरच्या थोड्या वर गेलेला प्रवाहही भारी पडतो. स्नायू आखडतात आणि धरलेले यंत्र सोडू म्हटले तरी सुटत नाही. ०.२३ अँपिअर छातीतून वाहिला तर जीवच जाऊ शकतो.

तेव्हा "यंत्र चालते" याचा अर्थ "यंत्र सुरक्षित आहे" असा होत नाही. वीस वर्षे काही झाले नाही, याचा अर्थ इतकाच, की वीस वर्षे आतली तार आवरणाला टेकली नाही. तिसरी तार त्या एका दिवसासाठीच असते, आणि तो दिवस आधी सांगून येत नाही.

आपल्याकडच्या तीन पिनांतली वरची पिन जाड आणि लांब का, हे कधी पाहिलेत? लांब असल्यामुळे तीच सर्वांत आधी जोडली जाते व सर्वांत शेवटी सुटते. जाड असल्यामुळे ती चुकीच्या भोकात जात नाही. कोणीतरी इतका विचार करून केलेली सोय आपण काडेपेटीच्या काडीने मोडीत काढतो!

काही नव्या यंत्रांना दोनच तारा असतात. त्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण शोधा. तेथे आवरण दुहेरी असते, म्हणून अर्थिंग लागत नाही. पण त्यांचेही आवरण तडकले, तर ते यंत्र वापरू नये. घरात गळती ओळखणारा स्विच बसवलेला असेल तर फारच उत्तम. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहात ०.०३ अँपिअरचा फरक पडताच तो वीज तोडतो. त्याची चाचणीची कळ अधूनमधून मोठ्यांकडून दाबवून घ्या.

यंत्राची निगाही अवघड नाही. वायरीला धरून यंत्र उचलू नये, की पिन ओढू नये. पिन काढून ठेवलेली असताना वायर टोकापासून टोकापर्यंत पाहावी. ती यंत्रात शिरते तेथे व पिनेपाशी बहुधा आधी तुटते. हवेच्या झरोक्यांतली धूळ कोरड्या ब्रशाने झाडावी. आत ठिणग्या फार दिसू लागल्या तर कार्बन ब्रश झिजले असतील. ते काम जाणकाराकडे द्यावे.

शेवटी माझे एक मागणे आहे. परीक्षेत अर्थिंगवर टीप लिहून आपण गुण मिळवतो, पण साधी पिन उघडून पाहिलेले विद्यार्थी थोडेच असतात. तुमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना सांगा, की कशालाही न जोडलेली सुटी पिन आणि वीतभर वायर द्या, आम्ही ती त्यांच्या देखत जोडून पाहू. तेवढी तासिका पुरे! मग पुढच्या वेळी कोणी काडेपेटी हातात घेतली, की तुम्हीच म्हणाल, "काका, थांबा. आधी पिन बसवू या."