आधी चावडी, मग साखळी

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी 'लायगो' प्रयोगशाळा उभी राहत आहे. सुमारे २६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार किलोमीटर लांबीच्या भुजेत प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक पडला, तरी तो टिपण्याची क्षमता अशा यंत्रात असते. आणि त्याच जिल्ह्यात हातभर बांधावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवतात. जिथे विश्वाचे कंपन मोजले जाणार, तिथे गुंठाभर जमीन नेमकी कोणाची, या प्रश्नाला कागद निःशंक उत्तर देत नाही. हा विरोधाभास एकट्या हिंगोलीचा नाही. तो साऱ्या देशाचा आहे.

या दुखण्यावर आता 'ब्लॉकचेन' नावाचे औषध सुचवले जात आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी बिहारमधील दस्तनोंदणीच्या प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेही या तंत्रज्ञानाचा विचार व्हावा, असे सुचवले आणि विधी आयोगाने त्याचा अभ्यास करावा, असे म्हटले. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ब्लॉकचेन आराखडा जाहीर केला होता. विषय केवळ परिसंवादापुरता राहिलेला नाही. तो उद्या तहसील कचेरीच्या दारात येऊन उभा राहणार आहे. म्हणूनच त्याचे गुण आणि मर्यादा सामान्य कुटुंबांनी आजच समजून घ्यायला हव्यात.

ब्लॉकचेन ही मुळात एक नोंदवही आहे. तिच्यातील नोंदींच्या प्रत्येक गटाला गणिताने काढलेला एक ठसा असतो. मजकुरातील एक अक्षर बदलले, तरी ठसा बदलतो. प्रत्येक गटात आधीच्या गटाचा ठसा गुंफलेला असल्याने मागची एक नोंद गुपचूप खोडली, तर पुढच्या साऱ्या कड्या जुळेनाशा होतात. शिवाय या वहीच्या प्रती एकाच ठिकाणी नसतात. अनेक संगणकांवर त्या एकाच वेळी असतात. रात्रीतून पान फाडणे, शाईने नाव बदलणे, कचेरीला आग लागणे, हे सारे प्रकार तिथे चालत नाहीत.

महाराष्ट्राला हा प्रयोग अगदीच अपरिचित नाही. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रे अशा साखळीवर नोंदवण्याचे काम हाती घेतले गेले. शेजारच्या छत्तीसगडमधील दंतेवाडा जिल्ह्याने २०२५ मध्ये सुमारे सात लाख भूमी अभिलेख अशा साखळीशी जोडले. वनवासी, दुर्गम भागात हे होऊ शकते, तर हिंगोलीत का नाही, असा प्रश्न कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र यंत्रात शोधता येणार नाही, ते गावात शोधावे लागेल.

कुलूप चोख, पण पेटीत काय?

ब्लॉकचेन नोंद जपते. नोंद खरी आहे की खोटी, हे ती सांगत नाही. खोटी नोंद साखळीत गेली, तर ती तेवढ्याच निष्ठेने जपली जाईल. येथेच मराठवाड्याचा इतिहास आडवा येतो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, तेव्हा परभणी जिल्ह्याचा भाग असलेल्या हिंगोलीतील महसुली दप्तरावर उर्दूची छाप होती. पुढे १९५० चा कूळ कायदा आला, १९५४ चा इनाम निर्मूलन कायदा आला, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि त्यानंतर महाराष्ट्राची जमीन महसूल संहिता लागू झाली. प्रत्येक स्थित्यंतरात खासरा पत्रक, सेतवार, फेरफार अशा कागदांतून नावे उतरवली गेली. उतरवताना काही सुटली, काही चुकली, काही जाणूनबुजून वगळली गेली. १ मे १९९९ रोजी हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. पाटी नवी आली, दप्तर मात्र जुनेच राहिले.

आजचा सातबारा घरबसल्या मिळतो, त्यावर डिजिटल स्वाक्षरी असते. १ मे २०१८ रोजी सुरू झालेली ही सोय निःसंशय स्तुत्य आहे. पण स्वाक्षरी नवी म्हणून आशय ताजा ठरत नाही. राज्य सरकारला १ एप्रिल २०२५ पासून 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर राबवावी लागली, कारण असंख्य उताऱ्यांवर दिवंगत खातेदारांचीच नावे होती. आजोबा जाऊन तीन दशके लोटली, नातू शेत कसतो आहे, आणि कागदावर मालक आजोबाच! अशा नातवाला ना सहज पीककर्ज मिळते, ना भूसंपादनाचा मोबदला. आणि लेकींचे काय? २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. तरीही वारसनोंदीच्या वेळी तिचे नाव 'नंतर पाहू' म्हणून मागे राहते. असा सातबारा साखळीत बंद केला, तर तो अन्यायही बंद कुलपात सुरक्षित होईल.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी लागते. १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली दस्ताची नोंदणी होते. विकणाऱ्याची मालकी खरी होती, याची हमी शासन घेत नाही. सातबारावरील नोंदही विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खरी मानली जाते. अंतिम शब्द दिवाणी न्यायालयाचा. साखळी हा पुरावा बळकट करील, पण कायदा बदलल्याखेरीज ती मालकीची हमी देऊ शकणार नाही.

जगाचा अनुभव काय सांगतो? जॉर्जिया या छोट्या देशाने २००४ पासून आपली जमीन नोंदणी व्यवस्था नव्याने उभारली, दप्तर स्वच्छ केले आणि २०१६ नंतर त्याला ब्लॉकचेनची जोड दिली. तो प्रयोग टिकला. मध्य अमेरिकेतील होंडुरासने २०१५ मध्ये मोठा गाजावाजा करून अशीच घोषणा केली. वर्ष सरायच्या आत ती योजना रखडली. जॉर्जियात घर आधी झाडले गेले, कुलूप नंतर आले. धडा तेवढाच आहे.

अनेकांची साक्ष

'एकाच्या हाती वही नको, अनेकांची साक्ष हवी' हे ब्लॉकचेनचे तत्त्व या मातीला नवे नाही. वतनाचा तंटा उभा राहिला की जुन्या काळी गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे जाणते एकत्र येत, साक्षी होत आणि महजर लिहिला जाई. पाटील नांगराची निशाणी करी, इतर आपापल्या व्यवसायाची. त्या कागदाचे बळ शाईत नव्हते. उद्या नाकारता येणार नाही अशा असंख्य डोळ्यांत होते. त्या व्यवस्थेत दोष होते, स्त्रीचा आवाज तर तिथे क्षीणच होता. पण नोंद ही समाजासमक्ष व्हावी, हे तिचे मर्म आजही ग्राह्य आहे. संगणकीकृत सातबारातील चुका काढण्यासाठी २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन झाले, ते याच मर्माचे आधुनिक रूप होते.

मग हिंगोलीत आरंभ कोठून करावा? शेतजमिनीपासून नव्हे, गावठाणापासून. गावठाणातील घरांना आजवर ग्रामपंचायतीचा नमुना ८ हाच आधार होता. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून घरमालकाला मिळकत पत्रिका दिली जाते. तिचा पहिला प्रयोग पुणे जिल्ह्यातील सोनोरी गावी झाला होता. १८ जानेवारी २०२५ रोजी देशातील ५० हजारांहून अधिक गावांत ६५ लाख पत्रिकांचे वितरण झाले. ही नोंद नवी आहे, मोजणी ताजी आहे, शेजारी हयात आहेत. जन्मापासूनच तिची साखळी बांधली, तर पुढच्या पिढ्यांचे तंटे टळतील.

मात्र काही पथ्ये अटळ आहेत. साखळीत जाण्यापूर्वी प्रत्येक नोंदीचे ग्रामसभेत वाचन व्हावे आणि हरकतीला पुरेसा अवधी मिळावा. वहीच्या प्रती एकाच खात्याच्या एकाच इमारतीत राहिल्या, तर ब्लॉकचेन हे नावच व्यर्थ ठरेल. महसूल, भूमी अभिलेख, जिल्हा परिषद आणि न्यायसंस्था यांच्याकडे त्या स्वतंत्रपणे असाव्यात. चूक दुरुस्त करण्याची वाट खुली असावी; जुनी नोंद दिसत राहील, नवी तिच्या पुढे येईल आणि ती कोणाच्या आदेशाने आली, हेही कळेल. आणि ज्याच्या हाती स्मार्टफोन नाही, त्या म्हाताऱ्या आईलाही आपला कागद गावातच वाचून मिळावा.

तोवर कुटुंबांनी आणि गावागावांत वावरणाऱ्या कार्यकर्त्यांनी शासनाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. या आठवड्यात घरचा सातबारा काढावा, मोठ्याने वाचावा, दिवंगतांची नावे असतील तर वारसनोंदीचा अर्ज द्यावा आणि त्यात बहिणीचे नाव आहे ना, हे आवर्जून पाहावे. कार्यकर्त्यांनी हेच काम शेजारच्या निराधार विधवेसाठी करावे. ज्या गावाच्या चावडीत खरे बोलले जाते, त्याच गावाची साखळी खरी ठरेल.