मॅट रंगाची गाडी : घ्यावी का आणि घेतली तर जपावी कशी?



दसरा-दिवाळीच्या सुमारास घराघरांत नव्या गाडीची बोलणी सुरू होतात. हल्ली त्यात एक प्रश्न हमखास येतो, मॅट रंग घ्यावा का? पूर्वी तो महागड्या परदेशी गाड्यांवरच दिसायचा. २०२१ मध्ये कियाने सेल्टॉस एक्स-लाइन मॅट ग्रॅफाइट रंगात आणली. पुढे स्कोडा, फोक्सवॅगन आणि टाटांनीही असे रंग दिले. रंग दिसतो झकास, पण तो जपण्याची रीत वेगळी आहे.

हल्लीच्या बहुतेक गाड्यांवर सर्वांत वर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो. चकचकीत गाडीवर तो काचेसारखा सपाट असतो. मॅट गाडीवर तो मुद्दाम किंचित खडबडीत ठेवतात. त्यामुळे प्रकाश विखुरतो आणि चमक दिसत नाही. साध्या गाडीवर बारीक ओरखडा पडला तर पॉलिशवाला वरचा थर थोडा घासून सपाट करतो. मॅटवर हेच केलं की खडबडीतपणा जातो आणि तिथे चकाकणारा डाग कायमचा राहतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, इथे ‘अनडू’ नाही! खोल ओरखडा पडला तर बहुतेक वेळा अख्खं दार किंवा बॉनेट पुन्हा रंगवावं लागतं, कारण ठिगळाची झाक जुळत नाही.

आता आपल्या सुरतेचं बघू.

पाणी : बोअरचं जड पाणी अंगावर वाळलं की पांढरे ठिपके उरतात. शेवटचं पाणी महापालिकेच्या नळाचं घ्या आणि लगेच टिपून घ्या. आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरायची आपली सवय चांगली, पण त्यात क्षार जास्त असतात. मॅट गाडीला ते नको.

धूळ : मेट्रोच्या कामांमुळे सिमेंटची धूळ बसते. ती कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे सँडपेपर फिरवणं. आधी भरपूर पाणी मारा.

कबुतरं : विष्ठा खरवडू नका. ओलं फडकं पाच मिनिटं ठेवा, मऊ झाली की अलगद उचला. हे त्याच दिवशी करा.

उत्तरायण : मांज्यात काचेची पूड असते. गाडीवर अडकलेला दोरा ओढू नका, कापून उचला. दोन्ही दिवस गाडी झाकलेल्या जागी असेल तर उत्तम.

धुताना सावली, दोन बादल्या, मायक्रोफायबरचं फडकं आणि मेण किंवा चमक आणणारे पदार्थ नसलेला शाम्पू, एवढं पुरे. ब्रशवालं मशीन वॉश टाळा.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सकाळी गाडी पुसायला येणारा माणूस. तो एका बादलीत, एकाच फडक्याने दहा-पंधरा गाड्या उरकतो. आधीच्या गाडीची वाळू आपल्या दारावर घासली जाते, आणि मग बोलणी तो खातो. पण मॅट रंगाचं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. दार रंगवण्याचा खर्च त्याच्या पगारातून मागणं अन्यायच आहे. त्याला वेगळी फडकी आणि शाम्पू द्या, एकदा शेजारी उभं राहून दाखवा. ‘रोज पुसू नको, आठवड्यातून एकदा नीट धू,’ असं सांगा आणि जास्त वेळाचे चार पैसे जास्त द्या.

बजेट असेल तर मॅट गाडीसाठीच बनवलेली पीपीएफ फिल्म नवीन असतानाच लावा. साधी चकचकीत फिल्म लावली तर मॅटपणाच जाईल. फिल्मने रंगच बदलणार असाल तर आरसीवर रंगाची नोंद असते, म्हणून आधी आरटीओत विचारा.

आणि गाडी रोज झाडाखाली, उघड्यावर राहणार असेल तर? खुशाल चकचकीत रंग घ्या. गाडी आपल्यासाठी आहे, आपण गाडीसाठी नाही.

भेटू पुढच्या अंकात!