गदा एका दिवसाची, तालीम जन्माची

खासबाग हे नाव उच्चारले की आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढे विणकरांच्या गल्ल्या, मागांचा अखंड खडखडाट आणि शाळेची ओळखीची वाट उभी राहते. परंतु हेच नाव एखाद्या जुन्या कुस्तीशौकिनापुढे घ्यावे. तो फेटा सावरून कोल्हापूरच्या मैदानाची कथा सांगू लागेल. राजर्षी शाहू महाराजांनी बांधविलेले ते खासबाग मैदान १९१२ साली खुले झाले. मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि सभोवार चढत गेलेली प्रेक्षकांची बैठक, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे अगदी शेवटच्या रांगेतील माणसासही डाव स्पष्ट दिसतो. एकाच नावाची ही दोन ठिकाणे, आणि त्यांना जोडणारा आमचा हा सीमेवरचा मुलूख. त्या मुलुखाने देशास काय दिले, हे आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

अलीकडे मधल्या सुटीत मुलांच्या गप्पा कानी पडतात. जाळीच्या पिंजऱ्यात झुंजणाऱ्या ब्राझील देशातील लढवय्यांची नावे त्यांना तोंडपाठ असतात. कोणी कोणास कितव्या मिनिटास लोळविले, हेही ती अचूक सांगतात. यात दोष देण्यासारखे काही नाही; पराक्रमाची ओढ हा तारुण्याचा धर्मच आहे. परंतु त्या पराक्रमाचा उगम कोठे आहे? विसाव्या शतकाच्या आरंभी मित्सुयो माएदा नावाचा एक जपानी मल्ल ब्राझीलला गेला. त्याच्यापासून कार्लोस ग्रेसी याने विद्या घेतली, भावांस दिली, भावांनी मुलांस दिली. १९९३ साली अमेरिकेतील डेन्व्हर नगरीत या प्रकारची पहिली मोठी स्पर्धा भरली, तेव्हा त्याच घराण्यातील रॉइस ग्रेसी या सडपातळ तरुणाने आपल्याहून दांडग्या गड्यांस नमविले. लोकांनी पाहिली ती एक रात्र. तिच्यामागे होती दोन पिढ्यांची तालीम.

आता आपल्या घराकडे वळू. चिकोडी भागातील एकसंबा हे गाव बेळगाव जिल्ह्यातच आहे. त्या गावचे श्रीपती खंचनाळे हे १९३४ साली जन्मले, कोल्हापूरच्या मातीत घडले आणि १९५९ साली दिल्लीत पंजाबचे नामांकित मल्ल बंता सिंग यांस हरवून देशाचे पहिले ‘हिंदकेसरी’ झाले. पुढे गणपत आंदळकर, मारुती माने अशा मोठमोठ्या मल्लांनी तो मान मिळविला. पण त्या मालिकेतील पहिले नाव एकसंब्याचे आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली होती आणि एकसंबा तेव्हा म्हैसूर राज्यात होते. तरी गदेवर नाव होते ते ‘हिंद’. हौद्यात उतरणाऱ्यास त्याची बोली कोणी विचारीत नाही. कन्नड बोलणारा आणि मराठी बोलणारा, दोघेही एकाच मातीने अंग माखतात. खंचनाळे यांनी १४ डिसेंबर २०२० रोजी कोल्हापुरात देह ठेवला. गदा त्यांनी १९५९ साली जिंकली. तिच्यानंतरची एकसष्ट वर्षे ते ‘हिंदकेसरी’ या नावास जागून जगले, नव्या मल्लांस मार्ग दाखवीत राहिले. मल्लाचा मोठेपणा मी यात पाहतो.

यावर पालक म्हणतील, “गुरुजी, हे सारे ठीक, पण तालमीने पोट भरत नाही.” ही शंका खोटी नाही. दूध, तूप, बदाम यांचा खुराक मागावर बसणाऱ्या घरास परवडत नाही. एखादी दुखापत सारी उमेद मोडून टाकते. पस्तिशी उलटली की मैदान सुटते. या शंकेपुढे मीही एकदा मान तुकविली आहे. नववीतील एक मुलगा पहाटे तालमीत जाई आणि वर्गात पेंगे. त्याचे वडील मला विचारावयास आले. “तालीम बंद करा,” असे मी सांगितले. तालीम बंद झाली. गुण मात्र वाढले नाहीत. मुलाचे पहाटे उठणे तेवढे गेले. ताठ मानेने येणारा तो मुलगा पुढे खांदे पाडून येऊ लागला. माझा सल्ला चुकला होता, हे मला फार उशिरा उमजले.

तो सल्ला देताना मला खाशाबा जाधवांची आठवण व्हावयास हवी होती. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल शाळा-महाविद्यालयात शिकत शिकत कुस्ती खेळला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो सहावा आला. मातीत वाढलेल्या त्याच्या पायांस तेथील गादीची सवय नव्हती. तो खचला नाही. गादीवरचे शास्त्र शिकला. १९५२ साली हेलसिंकीस जावयाचे तर पैसा नव्हता. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात रुजू झाले. म्हणजे विद्या आणि व्यायाम यांची त्यांच्या आयुष्यात जोड लागली, झुंज लागली नाही. एका शिक्षकाने शिष्यासाठी घर गहाण टाकले. मी तर केवळ दोन शब्द खर्चावयाचे होते, तेही उलटे खर्चिले.

खाशाबांची उपेक्षाही विसरून चालणार नाही. १९८४ साली ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. विजयाच्या दिवशी हलगी वाजविणे सोपे असते. मिरवणूक संपल्यावर मल्लाच्या घरी चूल कशी पेटते, हे पाहणारा समाज हवा.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. शाळा आणि तालीम यांनी एकमेकींस सवत मानू नये. वस्तादांनी मुलाचे प्रगतिपुस्तक पाहावे आणि वर्गशिक्षकांनी महिन्यातून एकदा तालमीचा उंबरा ओलांडावा. आनंदवाडीच्या आखाड्यात मैदान भरते, तेव्हा आमच्या शाळेची एक रांग तेथे बसलेली असावी. मातीबरोबर गादीही मुलांस मिळावी. मुलींसही वगळू नये. साक्षी मलिक हिने २०१६ साली रिओ येथे, म्हणजे ब्राझीलच्याच भूमीवर, कांस्यपदक मिळवून दाखविले आहे. आणि ज्यास पदक मिळणार नाही, त्याचे काय? असे नव्व्याण्णव असतील. त्यांस निरोगी शरीर लाभेल, हार पचविण्याची सवय जडेल, आणि पाडलेल्या जोडीदारास हात देऊन उठविण्याचा संस्कार घडेल. हे देणे पदकाहून उणे नाही.

विद्यार्थिमित्रहो, दूरदेशीचे वीर अवश्य पाहा. पण एखाद्या रविवारी एकसंब्याची वाटही धरा. आणि पालकहो, तुमचा मुलगा पहाटे उठून लंगोट घेऊन निघाला, तर त्यास अडविण्यापूर्वी एकवार माझ्याकडे या. या खेपेस माझे उत्तर वेगळे असेल.