बॅकिंग ट्रॅक बंद करा

ब्लूज वाजवायचंय? पाचव्या फ्रेटवरचा ए-मायनर पेंटॅटॉनिकचा बॉक्स पाठ करा, झालं! यूट्यूबवरचा हा सल्ला मला अजिबात पटत नाही. धाराशिवमध्ये एकट्याने गिटार वाजवणाऱ्याचं तर त्यानं नुकसानच होतं. इथे बेसवाला, ड्रमर कुठून आणणार? मग मोबाइलवर बॅकिंग ट्रॅक लावायचा आणि त्यावर बोटं पळवायची. ट्रॅक थांबला की उरते नुसती स्केल. (कोड लिहून पोट भरतो म्हणून सांगतो, कॉपी-पेस्टचं असंच असतं.)

गोंधळात तुणतुण्याचा सूर जागचा हलत नाही, गाणं त्याच्याभोवती फिरतं. तुळजापूरच्या आसपास वाढलेले आपले कान त्यावरच पोसलेत. ब्लूजच्या बारा बारमध्ये मात्र पायाखालची जमीनच सरकते: ए-सेव्हन, डी-सेव्हन, ई-सेव्हन. एकटे वाजवत असाल तर हे सरकणं तुमच्याच बोटांतून ऐकू यायला हवं.

म्हणून सोलो कॉर्डच्या आकारांतून काढा. पाचव्या फ्रेटवर ई-सेव्हनचा आकार धरला की ए-सेव्हन मिळते. तिथेच ए-सेव्हनचा आकार धरला की डी-सेव्हन. आता बारीक तारेकडून तिसरी तार बघा. पहिल्या आकारात बोट सहाव्या फ्रेटवर, दुसऱ्यात पाचव्यावर. पाचव्या बारला तेवढा एक फ्रेट खाली या, कॉर्ड बदललेली शेजारच्यालाही कळेल. आणि गंमत म्हणजे तिसऱ्या तारेवरचा तो सहावा फ्रेट तुमच्या लाडक्या बॉक्समध्ये नाहीच!

रॉबर्ट जॉन्सनने १९३६-३७ मध्ये २९ गाणी रेकॉर्ड केली. सोबतीला फक्त स्वतःची गिटार.