झटपट फोटो आणि उसनी स्मृती : मौजेचा कॅमेरा निवडताना इतिहास काय सांगतो

१/ कल्याण-डोंबिवलीतल्या वाढदिवसांना, साखरपुड्यांना आणि महाविद्यालयीन सहलींना हल्ली एक पाहुणा वारंवार दिसतो : बटण दाबताच पोटातून फोटो बाहेर टाकणारा फिल्म कॅमेरा. त्याच्या खरेदीचे समर्थन बहुधा एकाच वाक्यात होते : 'जुन्या काळाची मजा परत येते.' कॅमेऱ्याशी कोणाचे वैर असण्याचे कारण नाही. हा थ्रेड त्या वाक्याचे खंडन करण्यासाठी आहे.

२/ पहिला प्रश्न असा की, हा जुना काळ नेमका कोणाचा? आंबिवली स्थानकाजवळच्या मोहन्यात नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'एनआरसी'चा कारखाना आणि त्याची वसाहत होती. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या त्या दशकांत पोलरॉइड कॅमेरा कामगाराच्या घरात येणार कुठून? परदेशातल्या नातलगाने तो आणलाच, तरी सोबतची फिल्म संपताच त्याची जागा शोकेसमध्ये.

३/ त्या पिढीचा खरा कॅमेरा म्हणजे ॲग्फा क्लिक थ्री. १२० क्रमांकाच्या एका रोलवर १२ चौकोनी फोटो. कृष्णधवल फिल्म देशातच तयार व्हावी म्हणून १९६० मध्ये उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. रोल भरेपर्यंत थांबायचे, स्टुडिओत धुवायला द्यायचा आणि मग वाट पाहायची. त्या संस्कृतीचा आत्मा प्रतीक्षा हा होता. तिचा वारसा झटपट कॅमेऱ्याच्या नावे लिहिणे म्हणजे इतिहासाची अदलाबदल होय.

४/ भारतात 'झटपट' फोटो नव्हता असे मात्र नाही. जत्रांत आणि कचेऱ्यांबाहेर तिपाईवर लाकडी पेटी लावून बसणारा 'मिनिट कॅमेरा'वाला तो काढत असे. पेटीच्या आतच कागदी निगेटिव्ह धुतली जाई; तिचाच पुन्हा फोटो घेतला की सुलटे चित्र मिळे. आजच्या खेळण्याचा देशी पूर्वज शोधायचाच असेल, तर तो या पेटीत आहे. जुन्या वळणाच्या जाहिरातींत मात्र त्या पेटीचा मागमूसही नसतो.

५/ पोलरॉइडचा इतिहास अमेरिकेचा आहे. १९४३ मध्ये सुट्टीवर असताना लहान मुलीने 'फोटो लगेच का दिसत नाही?' असे विचारले आणि कल्पना सुचली, अशी कथा एडविन लँड सांगत. २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी या पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखवले. २६ नोव्हेंबर १९४८ रोजी बोस्टनच्या जॉर्डन मार्श या दुकानात पहिला कॅमेरा विक्रीस आला.

६/ त्या वेळचा फोटो सोलून काढावा लागे आणि ओलसर असे; म्हणून लोक तो हवेत हलवत. १९७२ च्या 'एसएक्स-७०'पासून फोटो बंद पाकिटासारखा बाहेर येऊ लागला आणि हलवण्याचे कारणच संपले. तरीही आज प्रत्येक जण तो हलवतो. कारण गेले, कर्मकांड उरले. 'जुन्या काळाच्या मजे'चे यापेक्षा नेमके उदाहरण मिळणे कठीण.

७/ हे यंत्र केवळ निरागस खेळणे होते, हाही भ्रम. १९७० मध्ये कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स या पोलरॉइडच्याच कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी एक गोष्ट उघडकीस आणली : दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी सरकार कृष्णवर्णीयांवर सक्तीच्या पासबुकांचे फोटो काढण्यासाठी कंपनीचे तंत्र वापरत होते. आंदोलन आणि बहिष्कार वर्षानुवर्षे चालले. १९७७ मध्ये कंपनीला त्या देशातून बाहेर पडावे लागले. जो फोटो मिनिटात ओळख पटवतो, तो मिनिटात माणूस अडवूही शकतो.

८/ आता निवडीकडे. बाजारात मुख्यतः दोन घराणी आहेत : पोलरॉइड आणि फुजीचे इन्स्टॅक्स. रूढ समज असा की, पोलरॉइड 'अस्सल' आणि इन्स्टॅक्स 'प्लॅस्टिकचे खेळणे'. इतिहास हा क्रम उलटा करतो.

९/ पोलरॉइडने २००८ मध्ये झटपट फिल्मचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथील अखेरचा कारखाना 'इम्पॉसिबल प्रोजेक्ट' या गटाने वाचवला. परंतु जुनी रसायने मिळेनाशी झाली होती. म्हणून नवे सूत्र बांधावे लागले आणि २०१० मध्ये नवी फिल्म आली. पोलरॉइड हे नाव त्या गटाकडे नंतर आले. हा जीर्णोद्धार आहे, आणि तो स्तुत्यही आहे. परंतु जीर्णोद्धार झालेल्या मंदिराला मूळ वास्तू म्हणून दाखवणे कोणत्याही इतिहासाच्या विद्यार्थ्याला रुचू नये.

१०/ इन्स्टॅक्सची परंपरा निराळी. १९७६ मध्ये कोडॅक या व्यवसायात उतरली. पेटंटच्या खटल्यात हरून १९८६ मध्ये तिला तो सोडावा लागला. फुजीने १९८१ मध्ये जपानात आणलेली झटपट फिल्म याच कोडॅक शाखेची. तिच्यात प्रकाश फिल्मच्या मागल्या बाजूने पडतो, म्हणून पोलरॉइडसारखा आरसा लागत नाही. १९९८ मध्ये इन्स्टॅक्स मिनी आले, आणि डिजिटलच्या लाटेतही त्याच्या फिल्मचे उत्पादन थांबले नाही. ज्याला खेळणे म्हणून हिणवले जाते, त्याचीच परंपरा अखंड आहे.

११/ तिसरा साक्षीदार हवा. पोलरॉइडची आजची फिल्म साधारण १३ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात वापरावी, अशी उत्पादकाची सूचना आहे; इन्स्टॅक्सची मर्यादा ५ ते ४० अंश. एप्रिल-मे महिन्यांत कल्याण परिसरात पारा चाळिशीच्या आसपास पोहोचतो. युरोपच्या हवेत घडलेली फिल्म मोहन्याच्या दुपारी रंग बिघडवते, यात दोष फिल्मचाही नाही आणि मोहन्याचाही नाही; तो निवडणाऱ्याचा आहे.

१२/ चौथा साक्षीदार हिशेब. इन्स्टॅक्सच्या एका पाकिटात १० फोटो, पोलरॉइडच्या ८. इन्स्टॅक्स मिनीची फिल्म प्रतिफोटो बरीच स्वस्त पडते. मिनीचे चित्र ६२ × ४६ मिलिमीटर, म्हणजे पाकिटात मावेल एवढे. वाइडचे ९९ × ६२, म्हणजे सहा-सात जण ओळखू येतील एवढे. मौजेच्या कॅमेऱ्याची पहिली पात्रता ही की, बटण दाबताना हात आखडू नये. महागड्या फिल्मचा कॅमेरा दोन महिन्यांत कपाटात जातो.

१३/ संकरित कॅमेऱ्यांचे काय? २०१७ पासून इन्स्टॅक्सने असेही नमुने आणले, ज्यांत चित्र आधी डिजिटल टिपले जाते, पडद्यावर पाहून निवडले जाते आणि मग फिल्मवर उमटते. सोय निर्विवाद. पण निवडीची संधी मिळताच मिटलेले डोळे, मध्येच डोकावलेला शेजारी, हललेला हात हे सारे गळून पडते. उरतो तो फोनमधलाच फोटो, फक्त पांढऱ्या चौकटीत. तेवढ्यासाठी छोटा प्रिंटर पुरे.

१४/ प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट आक्षेप मान्य करून उत्तर द्यावे लागेल : फोन फुकट फोटो काढतो, मग रिकाम्या पाकिटांचा प्लॅस्टिक कचरा आणि पैशाचा व्यय कशाला? कचरा होतो, हे खरे. म्हणूनच रोजच्या जेवणाच्या ताटासाठी हा कॅमेरा नव्हे. मात्र फोनमधील हजारो चित्रांना 'अस्सल' प्रत नसते. झटपट फोटोला फक्त अस्सल प्रतच असते. १८३९ मध्ये जाहीर झालेल्या डॅगेरोटाइपसारखी एकच वस्तू, निगेटिव्हविना, त्या क्षणी त्या खोलीत असलेली.

१५/ इतिहासप्रेमींना अस्सल आणि नक्कल यांतील भेद सांगायला नको. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड काढले ते याच आग्रहातून : उत्तरकालीन बखरीपेक्षा समकालीन कागद श्रेष्ठ. पण त्याच कागदांची एक व्यथाही प्रसिद्ध आहे. असंख्य पत्रांत तिथी असते, चंद्र असतो, महिना असतो, साल नसते. एका गाळलेल्या आकड्यापायी अभ्यासकांच्या पिढ्या वाद घालत बसल्या.

१६/ आज काढलेला, नाव-सालाविना भिंतीवर चिकटवलेला झटपट फोटो हीच चूक पुन्हा करतो. त्यातले चेहरे पन्नास वर्षांनी कोणाचे म्हणून ओळखायचे? जुन्या स्टुडिओच्या फोटोमागे निदान शिक्का तरी असे.

१७/ मोहन्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. एनआरसीला २००९ मध्ये टाळे लागले. थकीत देण्यांसाठी कामगारांचा लढा वर्षानुवर्षे चालला आणि पुढे वसाहतीतल्या इमारती पाडल्या जाऊ लागल्या. त्या ठिकाणी लाकडाच्या लगद्यापासून, कॉस्टिक सोड्याच्या साहाय्याने, व्हिस्कोस रेयॉनचे सूत निघे. फोटोफिल्मचा जुना आधारही त्याच सेल्युलोजच्या कुळातला. ज्या गावाचे पोट या रसायनावर भरले, त्याच्या संसाराचे चित्र त्याच कुळातल्या फिल्मवर टिकून आहे.

१८/ कारखान्याचे दप्तर कंपनीचा इतिहास सांगेल. जिन्यावरच्या गप्पा, गच्चीवरचे पापड आणि गणपतीची आरास ते सांगणार नाही. ते सांगतात मौजेखातर काढलेले फोटो. म्हणून 'फक्त मजेसाठी' हा शब्दप्रयोग कमीपणाचा मानू नये. दरबारी चित्रे राजांची असतात. सामान्यांच्या हाती मौजेचे फोटोच लागतात. अशा फोटोंची निवड फॅशनवर सोपवणे म्हणजे आपल्या साधनांची किल्ली जाहिरातदाराला देणे.

१९/ तेव्हा निवाडा असा. एकट्या-दुकट्याच्या मौजेसाठी सर्वांत साधा इन्स्टॅक्स मिनी. कुटुंब किंवा मंडळाच्या घोळक्यासाठी वाइड. जुना पोलरॉइड घरात असेलच, तर तो हिवाळ्यात जरूर चालवावा. 'अस्सलपणा'च्या नावाखाली चढ्या किमतीला विकत घेऊ नये. फ्लॅशची धाव दोन मीटरांच्या आसपास असते, त्यामुळे रात्रीच्या मिरवणुकीत या कॅमेऱ्यांकडून चमत्काराची अपेक्षा व्यर्थ.

२०/ आणि फोटो हाती आल्यावर : हलवू नये, कापू नये (आत दाहक क्षार असतात), उन्हात लावू नये. खालच्या पांढऱ्या पट्टीवर बारीक पर्मनंट मार्करने, हात हलका ठेवून, तीन गोष्टी लिहाव्यात : कोण, कुठे, कोणते साल. त्यानंतर फोनने त्याची एक नक्कल घ्यावी. अस्सल प्रत कपाटात, नक्कल वाटपाला. दप्तरखान्यांची रीतही हीच.

२१/ उसन्या स्मृतीसाठी पैसे मोजण्यापेक्षा स्वतःची स्मृती घडवणे स्वस्त आहे. दहा फोटोंचे एक पाकीट, एक मार्कर आणि साल लिहिण्याची शिस्त, एवढ्यावर ते भागते.